टक्का कशाचा? मोंढ्यापासून बँकेपर्यंतचा शेकड्याचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीनचं माप चालू होतं. अडतीवरच्या पोराने पोत्यातून मूठभर दाणे काढले, यंत्राच्या डबीत टाकले आणि आकडा वाचला, "हवा अठरा." आमच्याकडे सोयाबीनमधल्या ओलाव्याला हवा म्हणतात. "बारा चालते, सहा जास्त. सहा टक्के कट." माझ्या चुलतभावाने माझ्याकडे पाहिलं. मी गणिताची शिकवणी घेतो, म्हणून अशा वेळी घरचे मला सोबत नेतात. "भाऊ, बरोबर आहे का हे?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. हिशेब केला तेव्हा निघालेलं उत्तर चुलतभावाला अजिबात पटलं नाही. ते पुढे येईलच. त्याआधी जी गोष्ट मी वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो ती सांगतो : टक्का दिसला की विचारायचं, कशाचा? अठरा टक्के हवा म्हणजे ओल्या मालाच्या अठरा की कोरड्याच्या? दहा टक्के व्याज म्हणजे मूळ रकमेवर की राहिलेल्या रकमेवर? धरण पन्नास टक्के भरलं म्हणजे कशाच्या पन्नास? शेकडेवारीत माणूस गुणाकार-भागाकारात क्वचित चुकतो. तो चुकतो 'कशाचा' या प्रश्नावर.

आधी हात बसवू

शेकडा म्हणजे शंभर. ५ टक्के म्हणजे शंभरात ५, म्हणजे ०.०५. व्याजाच्या गणितात शाळेत 'द.सा.द.शे.' पाठ करून घेतात आणि बऱ्याच लेकरांना तो एखादा मंत्र वाटतो. तो आहे 'दर साल दर शेकडा'. वर्षाला, शंभर रुपयांमागे. कशाचा आणि किती काळाचा, दोन्ही त्या चार अक्षरांत सांगून ठेवलंय.

जुनी माणसं हाच हिशेब आण्यांत करायची. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे एक आणा ६.२५ टक्के, चार आणे २५, बारा आणे ७५. पिकाची आणेवारी त्यातूनच आली. आता तिला पैसेवारी म्हणतात आणि ती ५० पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींची चर्चा सुरू होते. तीसुद्धा शेकडेवारीच आहे, शंभर पैसे म्हणजे पूर्ण पीक धरून.

तोंडी हिशेबासाठी दोनच गोष्टी लागतात. १० टक्के काढायला दशांशचिन्ह एक घर डावीकडे, १ टक्का काढायला दोन घरं. बाकी सगळं जोडून होतं. ४,८०० चे साडेसतरा टक्के काढायचे आहेत? १० टक्के ४८०. त्याचं निम्मं, ५ टक्के, २४०. त्याचं निम्मं, अडीच टक्के, १२०. बेरीज ८४०. आणखी एक सोय : ७५ चे ४ टक्के आणि ४ चे ७५ टक्के एकच. दुसरं गणित डोक्यात होतं, उत्तर ३. अवघड वाटलं की आकडे उलटवून पाहायचे.

यातून प्रश्न तीनच प्रकारचे निघतात. भाग काढा (४,८०० चे १७.५ टक्के किती), दर काढा (४,८०० पैकी ८४० म्हणजे किती टक्के) आणि मूळ काढा (८४० हे ज्याचे १७.५ टक्के आहेत ती रक्कम कोणती). पहिल्यात गुणाकार. दुसऱ्यात भाग भागिले मूळ, गुणिले १००. तिसऱ्यात भाग भागिले दर, म्हणजे ८४० ÷ ०.१७५ = ४,८००. लोक अडतात ते तिसऱ्यात, कारण तिथे 'मूळ' डोळ्यांसमोर नसतं.

बियाणं : दर काढून तो वापरायचा कसा

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवणाऱ्याने मृगाआधी उगवण तपासायलाच हवी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० बिया मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. आठवड्याने उघडून चांगला कोंब आलेल्या बिया मोजायच्या. बिया शंभरच घेतल्यामुळे वेगळं गणित लागत नाही. ६२ उगवल्या, उगवण ६२ टक्के.

आता पेरायचं किती? हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी साधारण ३० किलो, ही शिफारस ७० टक्के उगवण धरून आहे. आमच्या शेजाऱ्याने हिशेब केला : सत्तरला आठ कमी, म्हणून आठ टक्के बी जास्त, ३२.४ किलो. पटकन पटतं, पण चूक आहे. आपल्याला हवीत उगवणारी बियाणं, आणि ती ३० किलोच्या ७० टक्के, म्हणजे २१ किलो. ६२ टक्क्यांच्या बियाण्यातून २१ किलो उगवणारं हवं असेल तर २१ ÷ ०.६२ = ३३.९ किलो. एकरी दीड किलोचा फरक. पाच एकरांत साडेसात किलो बी कमी पडलं तर शेत विरळ दिसतं, आणि दोष जातो पावसाला.

मोंढ्यातली हवा

आता चुलतभावाचा प्रश्न. यंत्र दाखवतं तो ओलावा ओल्या मालाच्या वजनावरचा. १०० किलो सोयाबीन, १८ टक्के ओलावा, म्हणजे १८ किलो पाणी आणि ८२ किलो कोरडा दाणा. माल १२ टक्क्यांवर आणला तर पाणी उडेल, दाणा ८२ किलोच राहील. पण आता ते ८२ किलो नव्या वजनाचे ८८ टक्के असतील. हा तिसऱ्या प्रकारचा प्रश्न झाला. नवं वजन = ८२ ÷ ०.८८ = ९३.१८ किलो.

म्हणजे वजनात घट येते ६.८२ किलोची, सहाची नाही. पहिला टक्का १०० चा होता, दुसरा ९३ चा. पाया बदलला की टक्क्यांची सरळ वजाबाकी चालत नाही. आणि इथे ती चूक आपल्या बाजूने होती. फक्त ६ टक्के वजन कापणारा व्यापारी क्विंटलमागे पाऊण किलोहून जास्त पाणी स्वतःच्या खिशातून विकत घेत होता. चुलतभावाला हे पटलं नाही ते यामुळे. मोंढ्यात आपण फसलो नाही, हे कुणालाच पटत नाही.

अर्थात, कट वजनात घेतला आणि वर ओल्या मालाचा म्हणून भावही पाडला, तर एकाच पाण्याचे पैसे दोनदा कापले. त्यामुळे पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी) हातात आली की आधी पाहायचं, हवेचा कट वजनात आहे, भावात आहे की दोन्हींत.

सूत्र लिहून ठेवा :

वाळल्यावरचं वजन = ओलं वजन × (१०० − जुना ओलावा) ÷ (१०० − नवा ओलावा)

यातून घरचा खरा निर्णय सुटतो. ओला माल आजच विकावा की चार दिवस अंगणात पसरावा? वाळल्या मालाला ४,५०० चा भाव आहे असं धरू. एक क्विंटल ओला माल वाळून ९३.१८ किलो होणार, त्याचे पैसे ४,५०० × ०.९३१८ = ४,१९३. म्हणजे ओल्या मालाला क्विंटलला ४,१९३ च्या वर भाव मिळत असेल तर वाळवण्यात काही अर्थ नाही. मिळत असेल ४,१०० तर वाळवून क्विंटलमागे ९३ रुपये वाचतात. दहा क्विंटलला ९३०. त्यातून पसरायची, भरायची मजुरी आणि आभाळ आलं तर होणारी धावपळ वजा करा. माझा अनुभव असा की घरचीच माणसं हाताशी असतील तर वाळवावं, मजूर लावून वाळवणं दहा-बारा क्विंटलला परवडत नाही. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर घालायचं असेल तर मात्र पर्याय नाही. तिथे १२ टक्क्यांची मर्यादा असते. २०२४ च्या हंगामात ती सवलत म्हणून १५ वर नेली होती, पण दरवर्षी तशी सवलत मिळेल असं धरून चालू नये.

वाढ आणि घट

पायऱ्या तीन. नव्यातून जुनं वजा करा. आलेल्या फरकाला जुन्याने भागा. शंभरने गुणा. भागायचं नेहमी जुन्याने, कारण वाढ त्याच्यावर झाली.

सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. फरक ४३६. ४३६ ÷ ४,८९२ × १०० = ८.९ टक्के. लांब धाग्याचा कापूस त्याच काळात ७,५२१ वरून ८,११० वर गेला. फरक ५८९, म्हणजे ७.८ टक्के. तूर ७,५५० वरून ८,०००, फरक ४५०, ६ टक्क्यांना जरासं कमी. चावडीवर ऐकलं तर कापसाला जास्त वाढ मिळाली, ५८९ रुपये. टक्क्यांत पाहिलं तर सोयाबीन पुढे. दोन्ही खरंच आहे. खताच्या नि मजुरीच्या वाढीशी तुलना करायची असेल तेव्हा टक्के घ्या, आणि या दिवाळीला घरात किती पैसे जास्त येतील ते पाहायचं असेल तर रुपये घ्या आणि क्विंटलने गुणा.

पडझडीचं गणित जास्त बोचरं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं आणि नवा माल येईपर्यंत भाव कोसळले. सोयीसाठी १०,००० वरून ५,००० धरा. घट ५० टक्के. परत दहा हजारांवर जायला किती वाढ हवी? १०० टक्के, कारण आता पाया ५,००० चा. २० टक्के पडून २० टक्के वाढलं तरी जागेवर येत नाही : ५,००० चे ४,०००, त्याचे ४,८००. म्हणून 'जेवढं पडलं तेवढं वाढलं' असं कुणी टक्क्यांत सांगितलं की वही काढायची.

लागोपाठचे टक्के कधी बेरजेत धरू नका, गुणाकारात धरा. दुकानावर 'वीस अधिक दहा टक्के सूट' अशी पाटी असते. १,००० ची साडी आधी ८००, मग त्या ८०० वर दहा टक्के, ७२०. सूट २८ टक्के. तीस नाही.

कर आतून काढणं

सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आमच्या गल्लीत घराचं काम चालू होतं. मालकाने हिशेब लावला, दहा टक्के कर कमी, म्हणजे पोतं दहा टक्के स्वस्त व्हायला पाहिजे, दुकानदार खातोय. पाहू या. करासकट ३८४ चं पोतं धरा. ३८४ म्हणजे मूळ किमतीच्या १२८ टक्के, म्हणून मूळ किंमत ३८४ ÷ १.२८ = ३००. त्यावर १८ टक्के लावले की ३५४. घट ३० रुपये, आणि ३८४ च्या तुलनेत ती ७.८ टक्के होते. दहा टक्के होते ते ३०० चे.

मोबाईलवर ३८४ − २८% दाबलं तर २७६.४८ येतं. ते यंत्र बरोबर सांगतंय, आपण चुकीचं विचारतोय. कर मूळ किमतीवर लागलेला असतो, म्हणून बाहेर काढताना भागाकार, वजाबाकी नाही. दुकान चालवणाऱ्याला हे एकदा नीट कळलं की जन्मभर पुरतं.

धरणाचे टक्के

आमच्याकडे पावसाळ्यात सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा पहिला प्रश्न असतो, नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) किती भरला? जायकवाडीचा डावा कालवा परभणीकडे येतो, त्यामुळे तो आकडा आमच्या रब्बीचा आकडा असतो.

बातमीतले टक्के असतात जिवंत साठ्याचे. जायकवाडीचा जिवंत साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, खालचा मृत साठा ७३८, मिळून २,९०९. 'धरण ५० टक्के' म्हणजे जिवंत साठ्याच्या निम्मं, १,०८५. धरणात प्रत्यक्ष पाणी असतं १,०८५ + ७३८ = १,८२३, म्हणजे एकूण क्षमतेच्या जवळपास ६३ टक्के. 'शून्य टक्के' असतानाही तळाशी पाणी दिसतं ते याचमुळे.

आठवड्यात साठा ४० वरून ५० वर गेला तर वाढ किती? पाणी ८६८ वरून १,०८५ झालं, म्हणजे २५ टक्के वाढलं. ४० आणि ५० मधलं अंतर १० टक्केबिंदूंचं. ही दोन वेगळी मापं आहेत. बँकेने व्याजदर ८ वरून ९ केला तर ती एका टक्केबिंदूची वाढ आहे, पण व्याजाची रक्कम साडेबारा टक्क्यांनी वाढली. बातमी देणारा जो आकडा मोठा दिसतो तो उचलतो, हे माझं वैयक्तिक निरीक्षण.

जाता जाता लेकरांसाठी : सीईटीतलं पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण ९० टक्के मुलं तुमच्या बरोबर किंवा मागे आहेत. पेपरात गुण ६० टक्केही असू शकतात. निकालाच्या दिवशी गावात पेढे वाटण्याआधी एवढं समजून घेतलेलं बरं.

व्याज : आधी सरळ

सरळव्याज = मुद्दल × दर × वर्षं ÷ १००. दिवसांचं काढायचं तर वर्षांच्या जागी दिवस ÷ ३६५. १,२०,००० चं पीककर्ज, ७ टक्के, २४५ दिवस : वर्षाचं व्याज ८,४००, त्याला २४५ ने गुणून ३६५ ने भागलं की ५,६३८.

गावातल्या व्याजाची भाषा वेगळी. 'शेकडा तीन' म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपये. बँकेचा दर वर्षाचा आणि सावकाराचा महिन्याचा, म्हणून कानाला सावकाराचा तीन बँकेच्या नऊपेक्षा हलका लागतो. बाराने गुणा : वर्षाला ३६ टक्के. सव्वा रुपया शेकडा म्हणजे १५, दीड म्हणजे १८, पाच रुपये शेकडा म्हणजे ६०. ५०,००० शेकडा तीनने घेतले तर महिन्याला १,५०० नुसतं व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी.

आणखी एक खोच असते. व्याज आधीच कापून देतात. ५०,००० च्या कागदावर सही, तीन महिन्यांचं ४,५०० कापून हातात ४५,५००. मग तुम्ही वापरताय ४५,५०० आणि त्यासाठी मोजताय ४,५००. ४,५०० ÷ ४५,५०० = ९.९ टक्के तीन महिन्यांचे, महिन्याला ३.३. बोलीतला तीन हातात येईपर्यंत सव्वातीनच्या पुढे गेला. पाया पुन्हा बदलला.

व्याज थकलं की ते मुद्दलात धरतात आणि चक्रवाढ सुरू होते. ५०,००० × १.०३ × १.०३ असं बारा वेळा केलं की वर्षाअखेर ७१,२८८. सरळ असतं तर ६८,०००. पहिल्या वर्षाचा फरक लहान वाटतो, पुढे तो फुगतो. दामदुप्पट कधी होईल याचा अंदाज घ्यायला ७२ ला दराने भागतात. महिन्याचा दर ३ तर ७२ ÷ ३ = २४ महिने. बँकेतली ठेव वर्षाला ७ टक्क्यांनी असेल तर ७२ ÷ ७, दहा वर्षं आणि वर तीन-चार महिने. एकच सूत्र, एकदा आपल्या विरुद्ध, एकदा आपल्या बाजूने. ठेवीवरचं व्याज तिमाहीने जमा होत असेल तर १ लाखाचे ७ टक्क्यांनी पाच वर्षांत १,४१,४७८ होतात. सरळव्याजाने १,३५,००० झाले असते. (सावकारी करायला २०१४ च्या कायद्याने परवाना लागतो. समोरच्याकडे तो आहे का हे विचारायला आपल्याकडे लोक लाजतात. लाजू नये.)

मार्चचं नवं-जुनं

पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळते आणि उरलेला भार राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उतरतो. तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की सवलत जाते. म्हणून मार्चमध्ये गावोगावी नवं-जुनं चालतं : कुठून तरी हातउसने आणायचे, कर्ज भरायचं, नवं मंजूर झालं की उसने परत करायचे.

याचा हिशेब भावनेने न करता आकड्याने करू. कर्ज १,२०,०००. मुदत चुकली तर वर्षाच्या ७ टक्क्यांप्रमाणे ८,४०० व्याज अंगावर. शेकडा तीनने १,२०,००० उसने घेतले तर महिन्याला ३,६००. पंधरा दिवसांत बँकेने नवं कर्ज दिलं तर खर्च १,८००, फायदा ६,६००. पण बँकेची फाईल लांबली तर? ८,४०० ÷ ३,६०० = २.३३ महिने, म्हणजे ७० दिवस. सत्तराव्या दिवशी फायदा संपला, एकाहत्तराव्यापासून खड्डा. म्हणून उसने आणण्याआधी सावकाराच्या दाराऐवजी बँकेच्या दारात जा आणि नवं कर्ज किती दिवसांत हातात येईल ते साहेबांकडून काढून घ्या. त्यांनी 'बघू' म्हटलं तर तो सत्तर दिवसांचा आकडा आठवा.

हप्त्याचं व्याज, आणि मी कसा फसलो

गणित शिकवणारा माणूस मोटारसायकलच्या कर्जात फसला, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो. शोरूममध्ये ९०,००० चं कर्ज, तीन वर्षं, 'फक्त दहा टक्के' असं सांगितलं. वर्षाला ९,००० प्रमाणे २७,००० व्याज, एकूण १,१७,०००, छत्तीस हप्ते, दरमहा ३,२५०. माझ्यासमोरच गुणाकार केला, मीही मान डोलावली. गुणाकार बरोबरच होता.

दीड वर्षाने हाती पैसे आले तेव्हा कर्ज मिटवायला गेलो. अठरा हप्ते झाले, निम्मं उरलं असेल, ४५,००० भरू, असा अंदाज. खिडकीतल्या मुलीने पडद्याकडे बघत ५१ हजारांच्या आसपासचा आकडा सांगितला. तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं की मी 'कशाचा' हा प्रश्न विचारलाच नव्हता.

दहा टक्के होते मूळ ९०,००० वर, तिन्ही वर्षं. पण ९०,००० माझ्याकडे होते फक्त पहिला महिना. दर हप्त्याला मुद्दल कमी होत होतं, व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागत राहिलं. याला सपाट दर, फ्लॅट रेट म्हणतात. बँका घरकर्जाला लावतात तो घटत्या शिलकीवरचा दर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर व्याज. तसा दहा टक्के असता तर पहिल्या महिन्याचं व्याज ९०,००० × १० ÷ १,२०० = ७५०. हप्ता बसला असता २,९०४, त्यातून ७५० व्याज गेलं, २,१५४ मुद्दल फिटलं, शिल्लक ८७,८४६. दुसऱ्या महिन्याचं व्याज या ८७,८४६ वर, ७३२. असं छत्तीस महिने केलं की एकूण व्याज १४,५४६. मी भरणार होतो २७,०००. उलट बाजूने, ३,२५० चा हप्ता घटत्या शिलकीच्या भाषेत सांगायचा तर दर निघतो १७.९ टक्के.

कागदावर सही करण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, दर 'फ्लॅट' की 'रिड्यूसिंग', हे स्पष्ट विचारा आणि कागदावर लिहून घ्या. दुसरी, हप्ता गुणिले महिने करून त्यातून हातात मिळालेली रक्कम वजा करा. कागदपत्रांचं, फाईलचं म्हणून आधी कापलेलं धरू नका, हातात मिळालेलीच धरा. ही वजाबाकी म्हणजे कर्जाची खरी किंमत. दोन ठिकाणचे आकडे एकाच मुदतीसाठी शेजारी ठेवा. तीन वर्षांच्या आसपासच्या कर्जाला सपाट दराची जवळपास पावणेदोन-दोन पट केली की घटत्या शिलकीचा दर येतो, एवढा अंदाज शोरूममध्ये उभं राहूनही करता येतो.

बचत गटाची वही

आईच्या बचत गटाची वही मीच तपासतो. गट महिना दोन टक्क्यांनी कर्ज देतो. एका मावशीने १०,००० घेतले, दहा महिन्यांत फेडायचे, दरमहा मुद्दलाचे १,०००. वहीत दर महिन्याला २०० व्याज लिहिलेलं, दहा महिन्यांचे २,०००. दुसऱ्या एका ताईंच्या पानावर त्याच रकमेला पहिल्या महिन्याला २००, मग १८०, १६०, शेवटी २०. बेरीज १,१००. मध्येच सचिव बदलल्या होत्या, आणि प्रत्येकीने आपापल्या पद्धतीने लिहिलं होतं.

बैठकीत मी दोन्ही पानं वाचून दाखवली तेव्हा गलका झाला. अध्यक्ष काकू म्हणाल्या, "सर, मग खरं कोणतं?"

मी म्हणालो, गणित दोन्ही खरं आहे. एकीचे दोन टक्के मूळ रकमेचे, दुसरीचे उरलेल्या रकमेचे. व्याज गटातच राहतं, त्यामुळे कोणती पद्धत घ्यायची ते तुम्ही ठरवा, पण एकच घ्या आणि ठरावात 'कशावर' हा शब्द लिहा.

मावशींनी तोवर बोटांवर हिशेब संपवला होता. "म्हंजी माझे नऊशे जास्त गेले की," त्या म्हणाल्या. ठराव झाला, उरलेल्या रकमेवर. मावशींचे नऊशे त्यांच्या बचतीच्या खात्यात लाल शाईने जमा केले, आणि काकूंनी त्याच्यापुढे सही मागून घेतली.